मित्रांची टोळी आणि हिवाळी आल्प्स: लाउटरब्रुनेन-ग्रिंडेलवाल्डला पहिल्यांदा जाताना

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ राहणाऱ्या मराठी माणसाचा फोन दिवाळीनंतर वाजायला लागतो. “यंदा थंडीत येतोय आम्ही पाच-सहाजण, बर्फ बघायचाय.” टोळी बहुधा सारखीच असते. दोघांना स्की शिकायचं असतं, एकाला युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच रेल्वे स्टेशनावर फोटो हवा असतो, एकीचे गुडघे कुरकुरत असतात आणि एकजण आधीच जाहीर करतो, “मी खोलीत चहा पीत बसेन, तुम्ही या जाऊन.” या सगळ्यांना एका आठवड्यात खूश ठेवता येतं. त्यासाठी मी प्रत्येक टोळीला एकच गोष्ट आधी सांगते: वर कुठल्या दिवशी जायचं ते पुण्यात बसून ठरवू नका. विमान, व्हिसा, मुक्काम आधी पक्का करा, डोंगराचं तिकीट मात्र त्या दिवशी सकाळी काढा. पुढचं बरंचसं याच्याच आधाराने लिहिलंय.

आल्प्स आठ देशांत पसरलेत, पण नवख्यांना मी बर्नच्या दक्षिणेचा हा कोपरा सुचवते. इथे स्की न करणाऱ्यालाही थेट बर्फाच्या कुशीत नेणाऱ्या आगगाड्या आहेत. इंटरलाकेनच्या पुढे दोन खोरी फुटतात. एकात लाउटरब्रुनेन, साधारण ८०० मीटरवर. दुसऱ्यात ग्रिंडेलवाल्ड, १,०३४ मीटरवर. दोन्हींच्या मधल्या खिंडीत क्लाइन शाइडेग, २,०६१ मीटर. डोक्यावर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ हे तीन पहाड. उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगते, लाउटरब्रुनेनच्या कड्यावरचं म्युरेन हे गाव १,६३८ मीटरवर आहे. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर इथे शाळा, दुकानं आणि रेल्वे स्टेशन आहे.

तारखा ठरवताना

नोव्हेंबर टाळा. बऱ्याच केबल गाड्या तेव्हा दुरुस्तीसाठी बंद असतात, गावं झोपलेली असतात. खरा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून ईस्टरच्या आसपासपर्यंत. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा सुंदर दिसतो, पण सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचा. जानेवारीच्या मध्याला वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते. १९३० पासून चाललेली ही शर्यत, जवळपास साडेचार किलोमीटरचा उतार, विश्वचषकातला सगळ्यात लांब. शर्यत बघायचीच असेल तर खुशाल जा, पण त्या दिवसांत वेंगेनमध्ये खोली मिळणं कठीण आणि गाड्या खच्चून भरलेल्या. फेब्रुवारीत इथल्या शाळांना खेळाच्या सुट्ट्या असतात, प्रत्येक कँटनच्या (प्रांताच्या) वेगवेगळ्या आठवड्यांत.

माझी पसंती शर्यत संपल्यानंतरचा जानेवारी, नाहीतर मार्च. जानेवारीत बर्फ भरवशाचा, पण दिवस आखूड. डिसेंबरअखेर सूर्य आठच्या पुढे उगवतो आणि पावणेपाचला मावळलेला असतो, तोही पंचांगाप्रमाणे. लाउटरब्रुनेनसारख्या अरुंद खोऱ्यात तो कड्याआड त्याहून कितीतरी आधी जातो. मार्चमध्ये ऊन मोठं, थंडी सोसवेल अशी, पण खालच्या उतारांवर दुपारी बर्फाचा चिखल होतो. टोळीत लहान मुलं किंवा साठीच्या पुढचं कोणी असेल तर मार्च.

व्हिसा आणि विमा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. १५ दिवस आधी ही शेवटची मुदत, पण तिच्यावर विसंबू नका. प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. दोन-तीन देश फिरणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, तिथला अर्ज. मित्राकडे उतरणार असाल तर त्याचं निमंत्रणपत्र आणि त्याच्या निवास परवान्याची प्रत जोडा. सगळ्यांनी पत्रातल्या आणि अर्जातल्या तारखा एकदा शेजारी ठेवून ताडून बघा. टोळीत एकाच्या तारखा हमखास वेगळ्या निघतात.

विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, तो व्हिसापुरता. त्यात स्की आणि स्लेज (बर्फावरची घसरगाडी) धरलेलं आहे का, हे वेगळं विचारा. साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बहुधा वगळलेले असतात आणि ते बारीक अक्षरात असतं. उतारावरून जखमीला खाली आणायचा, हेलिकॉप्टर लागलं तर त्याचाही खर्च ज्याचा त्याला भरावा लागतो. तेव्हा इथे काटकसर नको.

मुक्काम कुठे

चार-सहाजण असाल तर हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. हिवाळ्यात अशी घरं अनेकदा शनिवार ते शनिवारच मिळतात. भाड्याच्या वर साफसफाईचे पैसे आणि माणशी-रात्रीप्रमाणे पर्यटन कर असतो, तो हिशेबात धरा. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, तेही बघा.

ग्रिंडेलवाल्ड मोठं, दुकानं भरपूर. लाउटरब्रुनेन सोयीचं आणि त्यातल्या त्यात स्वस्त, पण उन्हाला पारखं. वेंगेन (१,२७४ मीटर) आणि म्युरेनला मोटारी जातच नाहीत. स्टेशनवर उतरून बर्फातून बॅग ओढत जायचं, तेव्हा घर स्टेशनपासून किती लांब आणि चढावर आहे का, हे नकाशात बघूनच ठरवा. चाकांची मोठी बॅग ताज्या बर्फात चालत नाही, ती नांगरासारखी रुतते. पाठीवरची सॅक बरी. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी वेंगेन सांगते. नवशिक्यांचा स्कीचा उतार गावातच आहे, खोलीत चहा पिणाऱ्याला खिडकीतून युंगफ्राउ दिसतो आणि खाली-वर दोन्हीकडे गाडी आहे.

मित्राच्या घरी झुरिक-बाजेलला एक-दोन रात्री काढणार असाल तर थोडं घरगुती. बूट दाराबाहेर किंवा दारातच. रात्री दहानंतर इमारतीत शांतता पाळतात, रविवारीही. वॉशिंग मशीन बऱ्याच इमारतींत तळघरात सामायिक असतं, त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पाच दिवसांचे कपडे घेऊन अचानक खाली उतरू नका. हिंग-मोहरीची फोडणी द्यायची तर आधी पंखा लावा आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या. आणि “वहिनी, जरा चहा” हे सहाजणांनी सहा वेळा म्हणू नये. किटली कुठे आहे ते पहिल्या दिवशी विचारून ठेवायचं.

कपडे: काय आणायचं, काय इथे भाड्याने

सगळ्यात आतला थर अंगाला चिकटून बसणारा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती बनियन घामाने ओलं होतं आणि ओलं राहतं. थंडी वाजते ती त्यानेच. मधला थर फ्लीस किंवा स्वेटर. आजीने विणलेला लोकरीचा असेल तर उत्तमच, लाजू नका. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. जीन्स बर्फात अजिबात नको. एकदा पडलात की ती भिजते, मग गोठून कडक होते. कानटोपी, गळा झाकणारा पट्टा, हातमोज्यांचे दोन जोड. त्यातला एक पाणी न शोषणारा हवा. लोकरीच्या हातमोज्यांनी बर्फाचे गोळे करायला घेतले की दहा मिनिटांत बोटं बधिर.

बूट घोट्यावर येणारे, तळाला खोल खाचा असलेले. गावातल्या रस्त्यांवर दिवसा वितळलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठतं. जास्तीत जास्त पडझड स्कीवर होत नाही, ती संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाताना होते. बुटांवर चढवायचे रबरी काटे इथे सहज मिळतात, गुडघेवाल्यांनी पहिल्याच दिवशी घ्यावेत.

काळा चष्मा आणि सनस्क्रीन चैनीचं समजू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे हनुवटीखालून आणि नाकपुड्यांच्या आतूनही कातडी भाजते. खोबरेल तेल आणलंत तर ते डब्यात दगड होऊन बसेल. ओठांना व्हॅसलीन बरं. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

स्की, स्कीचे बूट, हेल्मेट, स्लेज हे सगळं गावात भाड्याने. काही दुकानांत स्कीची पँट-जॅकेटही मिळते. एका आठवड्यासाठी विकत घेऊन माळ्यावर टाकण्यात अर्थ नाही.

सामानात खाऊ

इथे बरेचजण अडकतात. भारतातून स्वित्झर्लंडमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तूप, पनीर, चक्का हे सगळं घरीच. चितळ्यांची बाकरवडी चालेल, त्यांचा आंबा पेढा नाही. तुपातल्या लाडवांचाही मोह आवरा. ताजी भाजी, फळं, कढीपत्त्याच्या काड्या यांनाही रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, ते कोण काढणार? आणा ते कोरडं: गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, भडंग, चिवडा. जानेवारीत येत असाल तर तिळगूळ. क्लाइन शाइडेगच्या वाऱ्यात तिळाच्या वडीचा तुकडा तोंडात टाकला की हे पदार्थ थंडीसाठीच कसे जन्मले ते कळतं.

झुरिकपासून वरपर्यंत

झुरिकहून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट सुमारे दोन तास. श्पिएट्सनंतर थून तळं डाव्या हाताला लागतं, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या धरा. इंटरलाकेन ओस्टसमोरच मोठं सुपरमार्केट आहे. दूध, पाव, बटाटे, कांदे, अंडी इथूनच भरून घ्या, वरच्या गावांत भाव चढतात. रविवारी देशातली बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांमधली तेवढी उघडी.

इंटरलाकेन ओस्टहून पुढची गाडी डोळे उघडे ठेवून पकडायची. फलाटावर एकच लांब गाडी उभी असते, पण तिचे अर्धे डबे लाउटरब्रुनेनचे आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डचे. त्स्वायल्युत्शिनेन नावाच्या छोट्या स्टेशनावर ती तुटते आणि दोन खोऱ्यांत दोन तुकडे निघून जातात. डब्यावर गावाचं नाव लिहिलेलं असतं, तेच वाचून चढा. मित्र दिसला म्हणून मागच्या डब्यात उडी मारलेला माणूस अर्ध्या तासाने दुसऱ्या खोऱ्यातून फोन करतो. चूक लक्षात आली तर त्स्वायल्युत्शिनेनला उतरून डबा बदलता येतो, पण सामान आवरलेलं हवं. टोळीतल्या एकाने तिथे माणसं मोजावीत.

लाउटरब्रुनेनहून वेंगेनला दातेरी रुळावरची गाडी, पंधराएक मिनिटांची. म्युरेनला जायचं तर स्टेशनसमोरून केबल गाडीने ग्रुत्शाल्पला चढायचं आणि तिथून कड्याच्या काठाकाठाने छोटी रेल्वे.

पासांचं गणित थोडक्यात असं. परदेशी पाहुण्यांसाठी एक महिना चालणारं हाफ फेअर कार्ड असतं, त्यावर देशभरातली बहुतेक तिकिटं निम्म्यात, डोंगरावरचीही. स्विस ट्रॅव्हल पासवर वेंगेन, म्युरेन, ग्रिंडेलवाल्डपर्यंत सगळं फुकट, पण त्याच्या वर फक्त सवलत. एकाच खोऱ्यात आठवडाभर राहून दोन-तीनदा वर जायचं असेल तर कार्ड परवडतं. रोज नवं शहर बघायचं असेल तर पास. सेव्हर डे पास, म्हणजे देशभर चालणारा एका दिवसाचा पास, आधी काढला तर स्वस्त पडतो, पण तारीख बदलता येत नाही. झुरिक-इंटरलाकेनच्या दिवसासाठी तो घ्या. शिखराच्या दिवसासाठी घेऊ नका.

रोज सकाळी सातला

एकजण चहा टाकतो, दुसरा फोनवर तीन गोष्टी बघतो. पहिली, क्लाइन शाइडेग, वेंगेनच्या वरचा मेनलिखेन डोंगर आणि युंगफ्राउयोख इथले थेट कॅमेरे. दुसरी, मेटिओस्विस या इथल्या हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज. तिसरी, कुठल्या केबल गाड्या आणि उतार चालू आहेत त्याची यादी. वर ऊन आणि वारा कमी असेल तर त्या दिवसाचे बाकी सगळे बेत रद्द, वर चला.

खाली धुकं आहे म्हणून निराश होऊ नका. हिवाळ्यात थंड हवा खाली साचते, झुरिक-बर्न दिवसच्या दिवस राखाडी झाकणाखाली असतात आणि हजार-बाराशे मीटरच्या वर लख्ख निळं आकाश असतं. उलटंही होतं: गावात ऊन आणि वर दक्षिणेकडून फ्योन नावाचा जोरदार कोमट वारा. तेव्हा केबल गाड्या थांबवतात आणि आधी काढलेलं महागडं तिकीट हातात राहतं.

ढगाळ दिवसासाठी खालचा बेत तयार ठेवा. लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात सपाट रस्त्याने चाला, सुमारे ३०० मीटरवरून पडणारा श्टाउबबाख धबधबा बघा. कडाक्याच्या थंडीत त्याच्या कडेला बर्फाचे खांब लटकतात. मात्र त्याखाली जाऊन उभे राहू नका, ते खांब तुटून पडतात. सगळ्या याद्यांमध्ये दिसणारा ट्र्युमेलबाख धबधबा हिवाळ्यात बंद असतो. किंवा सरळ गाडीत बसून बर्नला जा, इंटरलाकेनहून तासाभराच्या आत. जुन्या बाजारात कमानींखालून मैल-दीड मैल कोरड्या पायाने फिरता येतं.

बर्फातला पहिला दिवस

ज्यांना स्की शिकायचंय त्यांनी मित्राकडून शिकू नये. मित्र चांगला स्की करतो, म्हणजे त्याला शिकवता येतं असं नाही, आणि दुपारपर्यंत मैत्री टिकत नाही. वेंगेनच्या गावातल्या उतारावर किंवा ग्रिंडेलवाल्डच्या बोडमीला शाळेचे गट असतात. प्रौढांसाठी निदान दोन-तीन अर्धे दिवस धरा.

बुटांच्या दुकानात घाई करू नका. पायात एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा. थंडी म्हणून दोन जोड चढवले की रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतात. शिवाय वळ्या पडून नडगीला फोड येतात. थर्मलची पँटसुद्धा बुटाच्या आत खोचायची नाही, वर ठेवायची. टाच मागे आपटून बसवा, मग बकलं खालून वर लावा. उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. दुकानदार बदलून देतो, तोंडाने सांगा.

उतारावर स्की चढवताना बुटाच्या तळाचा बर्फ खरवडा, नाहीतर कुलूप बसत नाही. आधी पंजा, मग टाच दाबायची. ‘खट्’ वाजलं पाहिजे. शिक्षक पहिल्याच तासाला स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब, असा पिझ्झाचा तुकडा करायला लावेल. तो तुमचा ब्रेक. पडावंसं वाटलं तर बाजूला पडा, मागे नको. इथे निळे उतार सोपे, लाल मधले, काळे अवघड. पहिल्या आठवड्यात निळ्यावरून वळू नका. पुढे, म्हणजे खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला; थांबायचं ते उताराच्या कडेला, मध्ये कधीच नाही.

बाकीच्यांसाठी स्लेज. मला विचाराल तर मिश्र टोळीचा सगळ्यात मजेचा दिवस हाच. वेंगर्नाल्पहून वेंगेनकडे उतरणारा मार्ग आहे, दुसऱ्या बाजूला आल्पिग्लेनहून ग्रिंडेलवाल्डकडे आयगरच्या उत्तर भिंतीच्या पायथ्याने येणारा आहे. गाडीने वर, स्लेजने खाली, परत गाडीने वर. मागे रेलून बसा, दोरी हातात, दोन्ही तळवे सपाट बर्फावर टेकवले की वेग कमी. डावीकडे वळायचं तर डावा पाय दाबा. टाचा रोवल्या की बर्फाचा फवारा थेट तोंडावर येतो, म्हणून गॉगल हवाच, हेल्मेटही. एका हातात फोन धरून व्हिडिओ काढणारे वळणावर कुंपणात सापडतात. फाउलहॉर्नहून ग्रिंडेलवाल्डपर्यंतचा १५ किलोमीटरचा मार्ग प्रसिद्ध आहे, पण त्याच्या माथ्यावर पोचायला फिर्स्ट या केबल गाडीच्या वरच्या थांब्यापासून अडीचएक तास स्लेज ओढत चढावं लागतं. हरिश्चंद्रगड हसतखेळत चढणाऱ्यांनीच नाव घ्यावं.

ज्यांना नुसतं चालायचंय त्यांच्यासाठी हिवाळ्यात दाबून काढलेल्या पायवाटा असतात, गुलाबी पाट्यांच्या. मेनलिखेन ते क्लाइन शाइडेग ही दीडएक तासाची वाट गुडघेवालीलाही जमते. सबंध वेळ तिन्ही शिखरं समोर, चढ जवळजवळ नाही आणि शेवटी गरम सूप. चहावाल्यालाही मी इथे ओढून नेते. ग्रुत्शाल्प ते म्युरेन हीसुद्धा अशीच. स्की करत नसाल तर पूर्ण स्की पास घेऊ नका. चालणाऱ्यांचा आणि स्लेजवाल्यांचा वेगळा पास मिळतो.

दुपारी भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. “फोन करू” यावर विसंबायचं नाही. हातमोजे, बॅटरी आणि वारा, तिन्ही फोनच्या विरोधात असतात. क्लाइन शाइडेगचं स्टेशन, साडेबारा. पुरे.

युंगफ्राउयोख: जावं का?

३,४५४ मीटर, युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योजकाच्या कल्पनेतून १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये गाडी वर पोचली. तो स्वतः १८९९ मध्येच गेला. नऊ किलोमीटरच्या मार्गापैकी सात आयगर आणि म्योंखच्या पोटातून. आता ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्स्प्रेस ही केबल गाडी १५ मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेते, तिथून बोगद्याची गाडी. वेंगेनहून क्लाइन शाइडेगमार्गे जुन्या वाटेनेही जाता येतं.

तिकीट महाग आहे, हाफ फेअर कार्डावरही खिशाला जाणवतं. वरून ‘आलेच’ नावाच्या हिमनदीचा शुभ्र रस्ता दक्षिणेकडे वळत जाताना दिसतो, तो स्वच्छ दिवशी पैसे वसूल करतो. ढगात मात्र पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, हिमगुहा आणि दुकानं तेवढी उरतात. म्हणून पुन्हा तेच: सकाळी कॅमेरा बघा, मग तिकीट. आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको. दोन रात्री वेंगेनला काढून गेलात की शरीर जरा सरावतं. वर पायऱ्या धावत चढू नका, पाणी पीत राहा. डोकं दुखून मळमळलं तर पुढच्या गाडीने खाली या, उपाय तोच. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून यावं. पैसे वाचवायचे असतील तर स्वच्छ दिवशी मेनलिखेनला जा. आल्प्स तिथूनही पोटभर दिसतात.

खाणं

वरच्या हॉटेलांत भाव ऐकून घशाशी येतं, तेव्हा थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ. बाहेरच्या बाकांवर खा, हॉटेलच्या टेबलावर स्वतःचा डबा उघडू नका. गावातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. नसेल तर तशी पाटी असते. बाटल्या विकत घेऊ नका.

एका संध्याकाळी बाहेर जेवाच. र्‍योस्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याची खरपूस थापी. आपल्या उपासाच्या किसाचं थोरलं भावंड. शाकाहारींनी “ओने श्पेक” सांगायचं, नाहीतर डुकराच्या मांसाचे तुकडे घालून येते. मॅकरोनी, बटाटा, चीज आणि सोबत सफरचंदाची गोड चटणी असा एक पहाडी पदार्थ असतो, त्यातही तेच विचारा. फाँड्यूमध्ये पांढरी वाइन आणि बहुधा चेरीची दारू असते, दारू न घेणाऱ्यांना हे आधी सांगा. ग्रुयेरसारखं पारंपरिक चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. कडक शाकाहारी माणसाला ते माहीत असलेलं बरं.

धोका कुठे आहे

खुणा केलेल्या उतारांच्या आणि वाटांच्या बाहेर पाऊल टाकू नका. कोणाचे तरी स्कीचे ठसे कोवळ्या बर्फात गेलेले दिसतात, म्हणून वाट सुरक्षित ठरत नाही. दावोसची संस्था एसएलएफ हिमस्खलनाचा इशारा हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला देते, १ ते ५ अशा पायऱ्यांवर. तीन म्हणजे मधलं, चालेल, असं समजू नका. त्या पायरीवरही माणसं मोठ्या संख्येने दगावतात.

उतार संध्याकाळी बंद झाले की त्यावर जायचं नाही, फोटोसाठीही. बर्फ सपाट करणारी अवजड यंत्रं तेव्हा चढावर पोलादी दोरानं बांधलेली असतात. तो दोर अंधारात दिसत नाही आणि अचानक ताणला जातो.

नंबर फोनमध्ये भरून ठेवा: रुग्णवाहिका १४४, हेलिकॉप्टर बचावसेवा रेगा १४१४, युरोपभर ११२. उतारावरच्या बचावपथकाचा नंबर नकाशावर छापलेला असतो.

शनिवारी निघताना

खर्चाचा हिशेब रोज रात्री लिहा, शेवटच्या दिवशी कोणाला कॉफी कोणी पाजली ते आठवत नाही. भाड्याचं सामान शुक्रवारी संध्याकाळीच परत करा, शनिवारी सकाळी दुकानांत रांग असते. घरमालक बहुधा दहाच्या आत किल्ली मागतो. भांडी धुतलेली हवीत. कचरा गावाच्या ठराविक पिशवीतच भरायचा. त्या पिशवीच्या किमतीत कचऱ्याचं शुल्क असतं आणि ती सुपरमार्केटच्या गल्ल्यावर मागावी लागते. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या, आणि त्या टाकायच्या तर शनिवारीच टाका. रविवारी आवाज होतो म्हणून डब्यांना हात लावायची मुभा नसते.